हे क्रेडिट बसवायचं कुठे?

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या रजिस्ट्रार ऑफिसात मी बाहेरून आलेल्या क्रेडिट्सचं मूल्यमापन करते. कुणी अर्धवट सोडलेलं कॉलेज घेऊन येतं, कुणी सैन्यातलं प्रशिक्षण, कुणी रात्री मुलं झोपल्यावर लॅपटॉपवर केलेले कोर्स. क्रेडिट हे पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप, आणि पदवीला अशी १२० क्रेडिट्स लागतात. त्यातली किती आधीच जमली आहेत, हे मी सांगायचं.

मध्यंतरी एका गोदामात सुपरवायझर असलेल्या माणसाचा अर्ज आला (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत). त्यात २००४ सालचं एका कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, होतं: कॉलेज अल्जिब्रा, ग्रेड सी. सोबत एका ऑनलाइन कंपनीकडे नुकताच केलेला स्टॅटिस्टिक्सचा कोर्स, ९१ टक्के. अल्जिब्राचा निकाल मी चहाचा घोट घेता घेता लावला. कॉलेज मान्यताप्राप्त, कोर्सचा क्रमांक आमच्या तक्त्यात आधीच जुळवलेला, सी म्हणजे पास. स्टॅटिस्टिक्ससाठी मात्र गणित विभागाला ईमेल गेला, विभागाने पूर्ण अभ्यासक्रम मागवला, परीक्षेवर देखरेख होती का ते विचारलं, आणि बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, की जनरल इलेक्टिव्ह म्हणून घ्या. कसाबसा पास झालेला, एव्हाना बहुधा विसरूनही गेलेला विषय आम्ही काही न विचारता घेतला. आणि जो विषय तो रोज कामावर वापरत होता, त्याची झडती घेतली.

हे जनरल इलेक्टिव्ह प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण या सगळ्या व्यवहारातली बहुतेक निराशा तिथेच असते. विद्यापीठ क्रेडिट 'स्वीकारतं' आणि क्रेडिट पदवीला 'लागू होतं', या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वीकारलं म्हणजे ते तुमच्या रेकॉर्डवर आलं. लागू झालं म्हणजे पदवीच्या आराखड्यातली एखादी रिकामी जागा त्याने भरली. इंग्रजी लेखनाची जागा, गणिताची जागा, प्रयोगशाळेसह विज्ञानाची जागा, मुख्य विषयाच्या जागा, आणि शेवटी उरलेल्या थोड्या मोकळ्या जागा. जनरल इलेक्टिव्ह बसतं ते फक्त या मोकळ्या जागांत. मोकळ्या जागा भरल्या की पुढचं प्रत्येक इलेक्टिव्ह लग्नात आलेल्या पाचव्या लेमन सेटसारखं होतं. नको कुणी म्हणत नाही, पण जातं ते माळ्यावरच. रेकॉर्डवर १४० क्रेडिट्स दिसतात आणि पदवीला अजून ४५ हवी असतात. अशी माणसं फोनवर आधी गोंधळतात, मग चिडतात. त्यांचं चिडणं मला अवास्तव वाटत नाही.

ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या कंपन्या जाहिरातीत पहिला शब्द वापरतात, दुसरा नाही. 'शेकडो कॉलेजं आमची क्रेडिट्स स्वीकारतात' हे वाक्य खोटं नसतं. फक्त त्यातलं 'स्वीकारतात' फार हुशारीने वापरलेलं असतं.

या कंपन्या स्वतः कॉलेज नाहीत. सोफिया, स्टडी डॉट कॉम, स्ट्रेटरलाइन ही त्यातली ठळक नावं. त्यांना मान्यता नसते, त्यामुळे त्या स्वतः पदवीची क्रेडिट्स देऊ शकत नाहीत. त्या आपले कोर्स अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनकडे, म्हणजे आम्ही ज्याला 'एस' म्हणतो त्या संस्थेकडे तपासायला देतात. तिथे प्राध्यापकांचा गट कोर्स पाहतो आणि शिफारस करतो: लोअर डिव्हिजन, तीन सेमिस्टर क्रेडिट्स. न्यूयॉर्कची एनसीसीआरएस ही संस्थाही हेच काम करते. पण शिफारस हा हुकूम नव्हे. ती मानायची की नाही, मानली तर कोणत्या जागेसाठी, हे प्रत्येक विद्यापीठ आपलं आपण ठरवतं, आणि विद्यापीठाच्या आत प्रत्येक विभाग. वॉशिंग्टनमधलं शिक्षण खातंही यात बोट घालत नाही. शिफारशीला तारखाही असतात. कोर्स त्या कालावधीच्या बाहेर पूर्ण झाला असेल, तर तोच कोर्स, तेच गुण, आणि क्रेडिट शून्य. हे समजावून सांगताना माझाच आवाज पडतो.

'लोअर डिव्हिजन' या शब्दांतही एक खड्डा आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विषय बाहेरून ढिगाने मिळतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे अगदी थोडे. पदवीला मात्र वरच्या पातळीची ठरावीक क्रेडिट्स लागतातच, आणि बहुतेक विद्यापीठं निदान पाव पदवी, म्हणजे ३० क्रेडिट्स, आपल्याकडेच करायला लावतात. तेव्हा 'सगळी पदवी बाहेरून, झटपट' हे गणित बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच अडतं.

क्रेडिट या मापाचा इतिहास मला नोकरीला लागल्यानंतर बऱ्याच उशिरा कळला, आणि कळल्यावर हसू आलं. १९०५ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर आधी 'कॉलेज' कशाला म्हणायचं ते ठरवणं आलं. या पैशातून निघालेल्या कार्नेगी फाउंडेशनने अट घातली की प्रवेशासाठी हायस्कूलची १४ युनिट्स मागेल ते कॉलेज. एक युनिट म्हणजे वर्षभरात साधारण १२० तासांचा वर्ग. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी हे माप भराभर उचललं. पुढे १९१० मध्ये मॉरिस कुक नावाच्या एका इंजिनियरने कॉलेजांची कार्यक्षमता कारखान्यासारखी मोजायचा अहवाल लिहिला आणि 'स्टुडंट अवर' हे एकक मांडलं. कोण किती शिकलं हे मोजायला यातलं काहीच आलेलं नव्हतं. म्हाताऱ्या मास्तरांची सोय लावताना वेळ मोजायचं एक साधन हाती लागलं, ते मग शंभर वर्षं आपण शिक्षण मोजायला वापरतो आहोत. २०१० मध्ये इथल्या केंद्र सरकारने क्रेडिट अवरची व्याख्या केली तीसुद्धा तासांचीच: आठवड्याला एक तास वर्गात, दोन तास वर्गाबाहेर, साधारण पंधरा आठवडे. आता खुद्द कार्नेगी फाउंडेशनच हे माप बदलायची भाषा करतं आहे.

आता या मापासमोर असा माणूस आणा, ज्याने अकाउंटिंगचा प्राथमिक कोर्स शनिवार-रविवारात संपवला. आमच्या प्राध्यापकांच्या भुवया तिथे वर जातात. 'दोन दिवसांत? पंधरा आठवड्यांचा कोर्स?' यावर मी त्यांना विचारते की हा माणूस वीस वर्षं दुकानाची वही लिहितो आहे, त्याला दोन दिवस तरी का लागले? यावर काहीजण हसतात, काहींना राग येतो. दोन्ही बाजूंना थोडंथोडं खरं आहे, आणि मला या वादात एका बाजूला बसता आलेलं नाही.

कारण मी एक कोर्स स्वतः करून पाहिला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, विषय मानव्यशाखेचा होता. लहान लहान धडे, प्रत्येकाखाली बहुपर्यायी प्रश्न, उत्तर चुकलं की पुन्हा संधी. मोठी चाचणी वेळ लावून, पण पुस्तक उघडं ठेवून चालेल अशी. धडे सुबक होते, काही तर आमच्या वर्गातल्या नोट्सपेक्षा सरस. पण धडा न वाचता, प्रश्नातला शब्द धड्यात शोधून उत्तर देता येतं, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं, आणि मला कळलं ते एकोणीस वर्षांच्या मुलाला अर्ध्या वेळात कळेल. त्याच कोर्समध्ये एक निबंध होता. तो माणसाने तपासला होता, शेरे नेमके होते, आणि माझा युक्तिवाद जिथे लंगडा होता तिथेच बोट ठेवलं होतं. म्हणजे एकाच कोर्सच्या पोटात पोकळ भाग आणि भरीव भाग शेजारी शेजारी. ट्रान्सक्रिप्टवर त्याचं एकच वाक्य होतं: तीन क्रेडिट्स.

पण मग आमच्या तीनशे मुलांच्या सभागृहात, मागच्या बाकावर फोन बघत काढलेल्या सेमिस्टरच्या पोटात काय असतं, ते कोण तपासतं? त्याचीही ट्रान्सक्रिप्टवर तीनच क्रेडिट्स होतात. हा प्रश्न बैठकीत विचारला की विषय पटकन बदलतो.

वर्गाबाहेरच्या शिक्षणाला क्रेडिट देणं ही इंटरनेटची देणगीही नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून कॉलेजात न जाता परीक्षा द्यायची मुभा दिली होती. अमेरिकेत हा मार्ग सैनिकांनी रुंद केला. पहिल्या महायुद्धानंतर कॉलेजांनी परतलेल्या सैनिकांना सरसकट क्रेडिट्स वाटली आणि त्यातून गोंधळ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या १९४४ च्या जीआय बिल या कायद्यामुळे लाखो सैनिक कॉलेजच्या दारात उभे राहिले, तेव्हा 'एस'ने सैनिकी प्रशिक्षणाचा एकेक कोर्स तपासून कशाला किती क्रेडिट्स द्यावीत याचं जाडजूड मार्गदर्शक काढलं. १९६७ मध्ये क्लेप परीक्षा आल्या. विषय कुठेही शिका, केंद्रावर देखरेखीखाली परीक्षा द्या, २० ते ८० च्या पट्टीवर ५० मिळाले तर 'एस'च्या शिफारशीनुसार क्रेडिट. सत्तरच्या दशकात तर बाहेरची क्रेडिट्स गोळा करून पदवी देणाऱ्याच संस्था निघाल्या: न्यूयॉर्कची रीजंट्स योजना, जिचं पुढे एक्सेलसियर झालं, न्यू जर्सीचं थॉमस एडिसन आणि कनेक्टिकटचं चार्टर ओक. आजही ज्याला खरोखर विखुरलेली क्रेडिट्स एकत्र बांधायची आहेत त्याला मी आमचं विद्यापीठ सोडून यांच्याकडे पाहायला सांगते. माझ्या साहेबांना हे फारसं आवडत नाही.

२०१२-१३ च्या सुमाराला मात्र सगळ्यांनाच वाटलं होतं की आता जुनं सगळं कोसळणार. मोठ्या विद्यापीठांचे कोर्स जगाला फुकट मिळू लागले होते. असे कोर्स देणाऱ्या कोर्सेरा या कंपनीच्या पाच कोर्सेसना 'एस'ने क्रेडिटची शिफारस दिली. कोलोरॅडो स्टेटच्या ग्लोबल कॅम्पसने जाहीर केलं की उडॅसिटी या तशाच कंपनीचा संगणकशास्त्राचा कोर्स पूर्ण करून देखरेखीखालची परीक्षा द्या, आम्ही क्रेडिट देऊ. परीक्षेचा खर्च शंभर डॉलरच्याही आत. पहिल्या वर्षात किती जण आले? एकही नाही. ही बातमी वाचून आमच्या ऑफिसात काहींना गुदगुल्या झाल्या होत्या. मला त्यात वेगळं दिसलं. ते फुकट कोर्स घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे पदवी आधीच होती, त्यांना क्रेडिट नकोच होतं. ज्यांना हवं होतं ते गोदामात, नर्सिंग होममध्ये, टॅक्सीत होते आणि त्यांच्यापर्यंत ही बातमी पोचलीच नव्हती.

असे लोक थोडे नाहीत. कॉलेजात काही काळ जाऊन पदवीशिवाय बाहेर पडलेल्या अमेरिकन माणसांची संख्या चार कोटींच्या आसपास आहे. आणि कॉलेज बदलताना होणारी गळती फक्त ऑनलाइन कंपन्यांच्या क्रेडिट्सची नाही. सरकारी लेखा कार्यालयाने, म्हणजे जीएओने, २०१७ मध्ये अंदाज दिला होता की एका मान्यताप्राप्त कॉलेजातून दुसऱ्यात जाणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया जातात. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजातून सरकारी कॉलेजात येणाऱ्यांची तर ९४ टक्के. तेव्हा सोफियाच्या कोर्सला नाक मुरडणाऱ्यांनी आधी हा आकडा बघावा.

मला सर्वांत जवळून कळलेला अनुभव एका मराठी मुलीचा आहे. मुलगी म्हणते खरी, पण दोन पोरांची आई. लग्न झालं तेव्हा एस.वाय. बी.कॉम. संपलेलं, शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली. त्या व्हिसावर सरकारी शिक्षण-मदत मिळत नाही, म्हणून स्वस्त मार्ग शोधत असताना कुणीतरी तिला माझा नंबर दिला.

"ताई, त्या वेबसाइटवर महिन्याला शंभर डॉलरच्या आत हवे तेवढे कोर्स करता येतात. मी दहा करून टाकू का सुट्टीत?"

"एकही करू नकोस," मी म्हटलं. "आधी सांग, पदवी कुठून घेणारेस?"

"ते नंतर बघते ना. आधी क्रेडिट्स तर जमू देत."

हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की वाक्य पूर्ण व्हायच्या आत मान हलते. आधी विद्यापीठ ठरवायचं, मग त्यातली पदवी, मग त्या पदवीचा आराखडा पुढ्यात घेऊन कोणती जागा बाहेरून भरता येते ते पाहायचं, आणि त्यानंतर कोर्सचे पैसे भरायचे. फोनवर कुणी 'हो, चालेल' म्हणालं तर ते धरायचं नाही. ईमेल हवा, त्यात कोर्सचं पूर्ण नाव हवं, आणि 'हा कोर्स आमच्याकडच्या अमुक क्रमांकाच्या कोर्सऐवजी धरला जाईल' असं वाक्य हवं. माझ्यासारख्या खुर्चीत बसलेली माणसं बदलतात, याद्या बदलतात. ईमेल राहतो.

तिच्या बी.कॉम.च्या दोन वर्षांचं मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून आणलं, तेव्हा आणखी एक गंमत झाली. बिझनेस लॉ तिने चांगल्या गुणांनी केलेला. पण तो १८७२ चा इंडियन काँट्रॅक्ट ॲक्ट! इथल्या बिझनेस लॉच्या जागी तो बसेना. "कायदा तर कायदाच ना हो," ती म्हणाली. अकाउंटन्सी बसली, इकॉनॉमिक्स बसलं, बाकीचं बरंचसं माळ्यावर. मग आम्ही आराखडा उघडून बसलो. इंग्रजी लेखन तिने कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त स्थानिक कॉलेजात, करावं असं मी सुचवलं, कारण तो विषय बाहेरून घ्यायला इंग्रजी विभाग का-कू करतात आणि मुळात तिला वर्गात बसून लिहिण्याचा उपयोगही होता. गणित आणि मानसशास्त्रासाठी क्लेप, कारण देखरेखीखालची परीक्षा म्हटली की विभागांचे प्रश्न कमी होतात, आणि परीक्षेला खर्च साधारण शंभर डॉलर, तर आमच्याकडे तेवढ्याच क्रेडिट्सना हजाराच्या वर. मानव्यशाखेच्या दोन जागा ऑनलाइन कंपनीच्या कोर्सने भरल्या, तेही तिने निवडलेल्या विद्यापीठाच्या छापील यादीत नाव असलेल्या. बाहेरून आलेल्या क्रेडिटची ग्रेड सरासरीत धरली जात नाही, हे कळल्यावर मात्र ती खट्टू झाली. "म्हणजे ९४ मिळवले काय आणि ७० मिळवले काय, सारखंच?" सारखंच. पण पुढे मास्टर्स करायचं असेल तर काही विद्यापीठं असे कोर्स वेगळ्या नजरेने पाहतात, हेही मी तिला सांगून ठेवलं. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे.

तिच्या पुण्याच्या भाच्याला हे सगळं ऐकून आश्चर्य वाटलं म्हणे. तिकडे 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावरचा कोर्स केला की क्रेडिट ॲकॅडेमिक बँकेत जमा. २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स असे घेता येतात, आणि नियम वरून, यूजीसीकडून येतो. इथे असा नियम केंद्राकडून येत नाही. प्रत्येक विद्यापीठ आपल्या संस्थानाचा राजा. मला या स्वातंत्र्याची किंमत कळते. गणित कसं शिकवावं हे दूरच्या कार्यालयाने ठरवू नये. पण स्वातंत्र्य विभागाचं आणि भुर्दंड विद्यार्थ्याचा, ही वाटणी मला मान्य नाही. नाकारायचं तर नाकारा, पण का ते लिहा, आणि पैसे भरण्याआधी वाचता येईल अशा जागी लिहा.

गोदामाच्या त्या सुपरवायझरसाठी मी एवढंच करू शकले की विभागाची स्वतःची चॅलेंज परीक्षा आहे, म्हणजे वर्गात न बसता विषय येतो हे दाखवायची सोय, हे त्याला कळवलं. नियमांत ती कितीतरी वर्षं आहे, वेबसाइटवर शोधून सापडत नाही. तो आला, बसला, पास झाला. फी त्याला भरावी लागली, तोच विषय दोनदा सिद्ध करण्याची.

यंदा वादाला नवीन धार आली आहे. निबंध मशीनकडून लिहून घेता येतात, त्यामुळे इंग्रजी विभागाने ऑनलाइन कंपन्यांचे लेखनाचे सगळे कोर्स यादीतून काढायचा प्रस्ताव दिला. बिझनेस विभागाने त्याच आठवड्यात आणखी चार कोर्स यादीत घालायला सांगितले, कारण त्यांना विद्यार्थी हवे आहेत. मी बैठकीत विचारलं, की आमच्या स्वतःच्या ऑनलाइन लेखन-वर्गातले निबंध कोण लिहितं हे आपण कसं तपासतो? इंग्रजीच्या प्रमुख बाईंनी चष्मा काढून पुसला आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, "तपासता येत नाही." मग मी मागितलं ते एवढंच, की यादीतून जो कोर्स निघेल त्याची तारीख आणि कारण वेबसाइटवर यावं, आणि आधी ईमेलने हो म्हटलेल्यांना जुनाच नियम लागू राहावा. दुसरी मागणी मंजूर झाली. पहिलीवर वकिलांचं मत मागवलं आहे.